खारा बांगडा आणि धुरातला बांगडा

मावसभावाने मालवणात ड्रमचा स्मोकर बनवलाय, त्यात बांगडे धुरावतो आणि व्हॅक्युम पॅक करून मुंबईला पाठवायचं म्हणतोय. त्याचं म्हणणं, आजीचा खारा बांगडा पूर्ण पावसाळा टिकायचा की, मग हा का नाही टिकणार? मला हे ऐकूनच धडकी भरली.

अरे खारा बांगडा धुराने नाही, मिठाने टिकतो. आजी पोट फाडून आतडी काढायची, आत मूठभर मीठ कोंबायची, मुरवायची, मग कडक ऊन. कातडीवर मिठाचा पांढरा थर दिसतो आणि खायच्या आधी भिजत घातला नाही तर तोंडात धरवत नाही. माशाच्या अंगातल्या पाण्यात 10 टक्क्यांच्या आसपास मीठ गेलं की बॉट्युलिझमचा, म्हणजे अन्नात विष तयार होऊन लकवा आणणाऱ्या आजाराचा जंतू वाढूच शकत नाही.

आता धुरातला बांगडा मोडून बघ. वरून मस्त सोनेरी, पण काट्याजवळ बोटाला रस लागतो, मीठ चवीपुरतं. धूर फक्त वरवर बसतो. या जंतूचं बीज उकळत्या पाण्यातही मरत नाही, त्याला 121 डिग्री लागते, स्मोकरमध्ये मासा आतून 60-70 ला जातो तेवढ्याने त्याला काय होणार! वर त्याला हवा नकोच असते आणि आपण व्हॅक्युम करून नेमकं तेच देतो. माशात सापडणारा ई टाइप तर 3 डिग्रीलाही वाढतो, म्हणजे फ्रिजवरही भरवसा नाही, आणि वास येईलच असं नाही.

म्हणून धुरावलेला मासा ताजा मासा समजूनच वागवायचा. एक-दोन दिवसांत खा, नाहीतर लगेच डीप फ्रीझरमध्ये, आणि बर्फ सुटायला ठेवताना पाकीट आधी फोडायचं. जंतूने तयार केलेलं विष स्वतः उष्णतेने मोडतं, आतपर्यंत 85 डिग्री पाच मिनिटं पुरते, पण खारा बांगडा आपण तव्यावर भाजतो आणि धुरातला लोक तसाच खातात ना. शंका आली तर चाखून बघू नका, फेकून द्या.

आणि असं काही खाल्ल्यावर, बहुतेक वेळा 12 ते 36 तासांत, एकाचे दोन दिसायला लागले, पापण्या जड झाल्या, जीभ अडखळली, घास गिळवेना, तर ताप नाही म्हणून घरी थांबू नका. सरळ हॉस्पिटल गाठा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा, कारण अँटिटॉक्सिनने, म्हणजे त्या विषावरच्या औषधाने, पुढचा लकवा थांबतो, झालेला मागे फिरत नाही.