मणक्यांमधली गादी आणि स्टेम सेल उपचार : पार्श्वभूमी

मणक्यांमधली गादी फाटून तिचा भाग मज्जातंतूवर दाबला गेला की पाय भरून येतो, कळा येतात, हे बॉस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी 1934 साली मांडले, आणि त्यानंतर कित्येक दशके गादीवरचा उपचार म्हणजे ती काढणे, विरघळवणे किंवा आजूबाजूचे मणके जोडून टाकणे एवढाच राहिला. पपईच्या चिकातले कायमोपपेन टोचून गादीचा गर विरघळवण्याच्या पद्धतीला अमेरिकेत 1982 मध्ये मान्यताही मिळाली होती, पण ॲलर्जीच्या जीवघेण्या प्रतिक्रिया आणि मज्जासंस्थेच्या गंभीर इजा दिसू लागल्या आणि ती मागे पडली.

झिजलेली गादी पुन्हा घडवता येईल, हा विचार आला तो अस्थिमज्जेच्या अभ्यासातून. सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन यांनी 1960 आणि 1970च्या दशकांत दाखवले की मज्जेतल्या काही पेशींपासून हाड तयार होते. अमेरिकेच्या अर्नोल्ड कॅप्लन यांनी 1991 मध्ये त्यांना ‘मेसेंकायमल स्टेम सेल’ (हाड, कूर्चा यांसारख्या ऊती घडवू शकणाऱ्या मूळ पेशी) म्हटले आणि हे नाव रूढ झाले. पुढे 2003 मध्ये जपानच्या टोकाई विद्यापीठातील डाइसुके साकाई आणि सहकाऱ्यांनी सशांच्या झिजवलेल्या गाद्यांत अशा पेशी सोडल्या, तेव्हा झीज मंदावल्याचे दिसले. माणसांवरचे पहिले प्रयोग मात्र जेमतेम दहा-दहा रुग्णांचे होते. त्यांत तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता, त्यामुळे रुग्णाला बरे वाटले तरी ते कशामुळे, हे सांगता येत नव्हते.

खरी अडचण गादीच्या रचनेतच आहे. प्रौढ माणसाच्या गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. मध्यभागच्या पेशीपासून सर्वांत जवळची रक्तवाहिनी सुमारे 8 मिलिमीटर दूर असू शकते, आणि ग्लुकोज व प्राणवायू मणक्याच्या कडेच्या पातळ कूर्चेतून झिरपत तिथवर पोहोचतात. वयोमानाने ही कूर्चा कठीण होते, आत आम्ल साठते आणि मूळच्याच पेशी उपाशी मरू लागतात. नापीक झालेल्या जमिनीत नुसते नवे बी पेरून भागत नाही, तसेच इथेही आहे, आणि माझ्या मते या उपचाराच्या जाहिरातींत सर्वांत कमी बोलले जाते ते याच गोष्टीबद्दल.

त्यात आणखी एक गुंता आहे. ज्यांची कंबर कधी दुखली नाही अशा 3,110 लोकांच्या तपासण्यांचा 2015 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या 96 टक्के लोकांत गादीची झीज आढळली. म्हणजे एमआरआयच्या रिपोर्टवर ‘गॅप कमी झाली’ असे असले तरी दुखणे तिथूनच येते, असे ठरत नाही.

मोठ्या चाचण्यांतही या उपचाराचा ठोस फायदा सिद्ध झाला नाही. ऑस्ट्रेलियाच्या मेसोब्लास्ट कंपनीने 404 रुग्णांवर घेतलेल्या चाचणीत दात्याच्या पेशींची तुलना सलाइनच्या इंजेक्शनशी केली. 2021 मध्ये जाहीर झालेल्या निकालात आधी ठरवलेला मुख्य निकष गाठला गेला नव्हता, मात्र वेदना कमी झाल्याचे काही आकडे आश्वासक वाटल्याने कंपनीने आणखी एक चाचणी हाती घेतली. युरोपातील 114 रुग्णांच्या ‘रेस्पाइन’ चाचणीतही मुख्य निकषावर, पेशी न टोचता केलेल्या बनावट प्रक्रियेपेक्षा सरस परिणाम सिद्ध झाला नाही.

भारतात आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या केंद्रीय संस्थेच्या 2017च्या मार्गदर्शक सूचनांनी रक्ताच्या ठरावीक आजारांसारख्या मान्य उपयोगांपलीकडे स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीपुरता मर्यादित ठेवला आहे. त्यामुळे ‘तुमच्याच मज्जेतून काढून लगेच टोचतो’ असे कोणी सांगितले, तर पैसे भरण्याआधी त्या चाचणीचा सीटीआरआय (भारतातील वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागावा आणि तो सीटीआरआयच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळून पाहावा.