‘गोड बोलणं’ ते संकल्पना: सिस्टर-पेशंट संवादाची पार्श्वभूमी

पेशंटशी बोलणं हा बराच काळ सिस्टरच्या स्वभावाचा भाग समजला जायचा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल मात्र त्याबाबत चांगल्याच काटेकोर होत्या. पेशंटला मान न वळवता दिसेल असं समोर बसून बोला, दाराबाहेर कुजबुजू नका, खोटा धीर देऊ नका, हे त्यांनी १८५९ च्या सुमारास लिहून ठेवलं. ‘झोप बरी लागली का?’ हा प्रश्न त्यांना मोघम वाटे; किती तास लागली आणि रात्री कोणत्या वेळी, असं विचारा, हा त्यांचा आग्रह. आजच्या राउंडलाही तो चालेल. तरी हे नियम होते, सिद्धांत नव्हे.

सिद्धांत आला १९५२ मध्ये. मनोरुग्णांसोबत काम केलेल्या अमेरिकन नर्स हिल्डेगार्ड पेपलाऊ यांचं पुस्तक १९४८ मध्येच तयार होतं, पण सहलेखक म्हणून डॉक्टरचं नाव नसल्यानं ते अडलं, असं सांगतात. सिस्टर आणि पेशंट अनोळखी म्हणून भेटतात; मग विश्वास बसतो, पेशंट मदत घेऊ लागतो आणि शेवटी नातं संपतं, अशी त्यांची मांडणी. १९६१ मध्ये आयडा जीन ऑर्लँडो या अमेरिकन नर्सनी एक अट घातली, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. पेशंटकडे पाहून सिस्टरला जे वाटलं ते बरोबर आहे का, हे पेशंटलाच विचारायचं. त्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही. पुढे जॉयस ट्रॅव्हलबी, इमोजीन किंग या नर्सिंगच्या अभ्यासकांनी भर घातली.

एवढे सिद्धांत झाले, तरी ‘संवाद’ म्हणजे नेमकं काय, हे ज्याचं त्याचं. इंग्लंडचे तत्त्वज्ञ जॉन विल्सन यांनी १९६३ मध्ये संकल्पना तपासण्याची एक रीत मांडली होती. तिच्यावरून वॉकर आणि अवांत या नर्सिंगच्या अभ्यासकांनी १९८३ मध्ये नर्सिंगसाठी आठ पायऱ्या बसवल्या. संकल्पनेची लक्षणं, आधी काय असावं लागतं, परिणाम काय होतात, हे त्यात शोधायचं. शिवाय एक आदर्श उदाहरण, म्हणजे सगळी लक्षणं असलेलं, आणि एक काठावरचं उदाहरण, म्हणजे काही लक्षणं असलेलं, काही नसलेलं, रचायचं.

असं उदाहरण सोलापुरात रचून पाहा. पूर्व भागातली, बिड्या वळून आयुष्य काढलेली आजी सरकारी दवाखान्यात दाखल आहे. तिची बोली तेलुगू, सिस्टरची मराठी. शेजारच्या कॉटवर अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी बाई. सिस्टर सलाईनचा वेग बघत विचारते, “आजी, दुखतंय का?” आजी मान हलवते. “कुठं?” यावर उत्तर देतो नातू: “काही नाही सिस्टर, घरी जायचं म्हणते.” केसपेपरवर नोंद होते, तक्रार नाही. इथं ‘आधी काय असावं लागतं’ या रकान्यात वेळ आणि आडोशाच्याही आधी समाईक भाषा लिहावी लागेल. आणि ऑर्लँडोंची अट लावली तर हे उदाहरण काठावरचंच ठरतं, कारण खात्री नातवाकडून झाली, आजीकडून नाही.