पर्थ ते ग्वालिया: आमची गाडी घेऊन निघण्यापूर्वी

नमस्कार. पश्चिम ऑस्ट्रेलियातली सोन्याच्या खाणींची गावं बघायला तुम्ही आमची गाडी ठरवली आहे. किल्ली हातात घेण्याआधी हे पान गाडी चालवणाऱ्याने वाचावं आणि शेजारी बसणाऱ्यानेही.

पर्थहून कॅलगुर्ली जवळपास 600 किलोमीटर. बहुतेक जण एका दमात तिथे पोहोचायला बघतात. आमचा आग्रह आहे की आधी मंडेरिंगच्या धरणावर थांबा. इथून निघालेली जलवाहिनी पुढे बराच वेळ रस्त्याच्या कडेने दिसत राहते. ती कशासाठी आली हे कळलं, की ही गावं समजतात.

1892 मध्ये आर्थर बेली आणि विल्यम फोर्ड यांना कूलगार्डीत सोनं सापडलं. पुढच्याच वर्षी पॅडी हॅनन आणि त्याच्या दोन सोबत्यांना कॅलगुर्लीत. माणसं लोटली, पण पाणी कुठे होतं? खाऱ्या तळ्यांचं पाणी उकळायचं, वाफ थंड करायची आणि जमलेलं पाणी विकत घेऊन प्यायचं. विषमज्वराने कितीतरी तरुण गेले. मुख्य अभियंता सी. वाय. ओकॉनर यांनी 8 पंपघरं बांधून, 30 इंची नळांतून मंडेरिंगचं पाणी चढावर नेण्याची योजना आखली. त्यांच्यावर जहरी टीका झाली. मार्च 1902 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. जानेवारी 1903 मध्ये कॅलगुर्लीत पाणी पोहोचलं आणि 24 तारखेला योजनेचं उद्घाटन झालं. आजही या दोन्ही गावांना त्याच योजनेचं पाणी मिळतं.

कूलगार्डीचा रस्ता केवढा रुंद आहे ते बघा. उंटांचा तांडा तिथे वळायचा. हे उंट हाकणारे बलुचिस्तान, पंजाब, अफगाणिस्तानातून आलेले. इथे सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत. त्यांच्या कबरी गावाच्या दफनभूमीत आहेत. तिथे जरूर जा. ‘कूलगार्डी सेफ’ही याच गावचं: ओल्या गोणपाटाने झाकलेलं जाळीचं कपाट, ज्यात अन्न गार राहायचं. आपल्या माठाचंच तत्त्व, मुलांना लगेच पटतं.

कॅलगुर्लीची ‘सुपर पिट’ ही उघडी खाण साडेतीन किलोमीटर लांब आहे. कठड्यावरून बघायला अर्धा तास पुरतो.

वेळ राखून ठेवा तो ग्वालियासाठी. कॅलगुर्लीच्या उत्तरेला सुमारे 235 किलोमीटर, लिओनोरा गावाला लागून. ग्वाल्हेरशी संबंध नाही; वेल्सच्या जुन्या नावावरून हे नाव पडलं. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले हर्बर्ट हूवर तरुणपणी इथल्या सोन्याच्या खाणीचे व्यवस्थापक होते. डिसेंबर 1963 मध्ये खाण बंद झाली आणि काही आठवड्यांत गाव रिकामं झालं. कामगारांची पत्र्या-गोणपाटाची घरं अजून उभी आहेत. आत शिरताना आवाज आपोआप खाली येतो. तिथली कुठलीही वस्तू उचलू नका, गंजलेला डबासुद्धा नाही.

आता गाडीचं. सूर्यास्ताआधी मुक्कामी पोहोचा. संध्याकाळी कांगारू अचानक रस्त्यावर येतात आणि अंधारात गाडी चालवायला आमची परवानगी नाही. कूलगार्डीच्या आधी लागणाऱ्या सदर्न क्रॉस गावात टाकी पूर्ण भरा, कारण कूलगार्डीपर्यंतच्या सुमारे 190 किलोमीटरमध्ये पंपाचा भरवसा धरता येत नाही. माणशी रोजचं 5 लिटर पाणी गाडीत हवंच. अनेक ट्रेलर ओढणाऱ्या लांबलचक ‘रोड ट्रेन’ला ओलांडायची घाई करू नका. गाडी बंद पडली तर गाडीजवळच थांबा.

पायवाट सोडून माळावर फिरू नका, जुन्या खाणींची उघडी तोंडं गवतात दिसत नाहीत. लहान मुलांचा हात सोडू नका. सोनं शोधायची हौस असेल तर ‘माइनर्स राइट’ हा सरकारी परवाना आधी काढावा लागतो. सांगाल तर अर्ज भरायला मदत करू.

डिसेंबर ते फेब्रुवारीत पारा 40 च्या वर जातो, म्हणून त्या महिन्यांत या मार्गावर आम्ही गाडी देत नाही. गावांबाहेर बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते. सदर्न क्रॉसहून निघताना आम्हाला एक मेसेज टाका आणि कूलगार्डीला पोहोचलात की दुसरा. तो येईपर्यंत आमच्यापैकी कुणीतरी फोनजवळ बसलेलं असतं.