बॅटरीचे अर्थिंग (जुन्या वाहनांतील)

बॅटरीच्या दोन टोकांपैकी एक टोक जाड केबलने वाहनाच्या चासीला (लोखंडी सांगाड्याला) जोडलेले असते; यालाच अर्थिंग म्हणतात. दिवे, हॉर्न, सेल्फ यांतून गेलेला प्रवाह चासीतूनच बॅटरीकडे परततो. चासीला जोडलेले टोक ऋण असेल तर ‘निगेटिव्ह अर्थ’ आणि धन असेल तर ‘पॉझिटिव्ह अर्थ’ म्हणतात. आजच्या गाड्या निगेटिव्ह अर्थच्या असतात. सातारा-सांगली भागातल्या वाड्यांत, मळ्यांत आणि गॅरेजांत जपून ठेवलेल्या जुन्या गाड्या व ट्रॅक्टर मात्र दोन्ही प्रकारचे आहेत.

ब्रिटिश गाड्यांत १९३० च्या दशकाच्या मध्यापासून पॉझिटिव्ह अर्थ रूढ झाले. स्पार्क प्लगची झीज आणि वायरींच्या टोकांवरची गंज कमी होते, असे त्यामागचे म्हणणे होते. १९६० च्या दशकात डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) असलेले अल्टरनेटर म्हणजे नव्या प्रकारचे वीजजनित्र आले, तशी ही पद्धत मागे पडली. एमजीबी ही गाडी १९६७ मध्ये निगेटिव्ह अर्थवर गेली. फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टर पॉझिटिव्ह अर्थचा. अमेरिकी फोर्ड १९५५ पर्यंत ६ व्होल्ट पॉझिटिव्ह अर्थ होती, १९५६ पासून १२ व्होल्ट निगेटिव्ह झाली. विलीज जीप ६ व्होल्टची असूनही निगेटिव्ह अर्थ, आणि फियाट ११०० हीसुद्धा निगेटिव्ह. म्हणून ‘जुनी गाडी म्हणजे पॉझिटिव्ह अर्थ’ हा ठोकताळा धोक्याचा आहे. मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशातल्या (ॲम्बॅसडरसारख्या) गाडीत तर तपासल्याशिवाय काहीच गृहीत धरू नये.

वायरीच्या रंगावर विसंबू नये. मधल्या काळात कोणी काय बदलले हे रंग सांगत नाही. चासीला गेलेली केबल कोणत्या टोकाची आहे ते पाहावे. धन टोकाचा खांब ऋणापेक्षा जाड असतो. पण त्यावरून बॅटरी सध्या कशी जोडली आहे एवढेच कळते, बरोबर जोडली आहे की नाही ते कळत नाही. खरी साक्ष डायनॅमो, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भारणारे जुने वीजजनित्र, देतो. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीच्या डायनॅमोच्या डी (डायनॅमो) आणि एफ (फील्ड) या टोकांवरच्या वायरी काढाव्यात, दोन्ही टोके तारेने जोडावीत, मल्टिमीटरची लाल पिन त्या जोडावर व काळी डायनॅमोच्या अंगावर धरून इंजिन हळू चालवावे. आकडा धन आला तर डायनॅमो निगेटिव्ह अर्थचा, ऋण आला तर पॉझिटिव्हचा. व्होल्टेज भराभर चढते. २० च्या पुढे जाऊ देऊ नये.

डायनॅमोची दिशा त्याच्या लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर ठरते. बॅटरी उलटी लावून चुंबकत्व तसेच राहिले तर कटआउट (डायनॅमो बॅटरीला जोडणारा आपोआप चालणारा स्विच) मिटताच डायनॅमो व बॅटरी यांच्या व्होल्टेजची बेरीज होते, प्रचंड प्रवाह वाहतो आणि कटआउटचे पॉइंट चिकटतात. अर्थ बदलायचा असेल तर बॅटरी फिरवून क्लॅम्प बदलावेत आणि इंजिन सुरू करण्याआधी डायनॅमोला नवे चुंबकत्व द्यावे. एफची वायर काढून बॅटरीच्या चासीला न जोडलेल्या टोकावरून आणलेली तार एफला तीन-चार वेळा क्षणभर टेकवावी. बारीक ठिणगी पडते. ही रीत लुकासची. विलीज जीपच्या ऑटोलाइट डायनॅमोला रेग्युलेटरवरची (व्होल्टेज आवरणाऱ्या पेटीवरची) बॅट व आर्म ही टोके क्षणभर जोडतात. एकाची रीत दुसऱ्याला लावली तर रेग्युलेटर जळू शकतो.

अर्थ बदलताना त्याबरोबर ॲमीटरच्या (प्रवाह दाखवणाऱ्या काट्याच्या) दोन वायरी आणि इग्निशन कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाच्या) बारीक वायरी अदलाबदल कराव्यात. निगेटिव्ह अर्थमध्ये कॉइलचे ऋण टोक डिस्ट्रिब्युटरकडे (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाकडे) जाते, पॉझिटिव्हमध्ये धन. प्लगचा मधला, तापलेला इलेक्ट्रोड ऋण असला की ठिणगी कमी व्होल्टेजवर उडते. कॉइल उलटी राहिली तर सपाटीवर गाडी ठीक वाटते, पण पसरणी घाटासारख्या चढावर भार आला की इंजिन मिसिंग करते, आणि मेकॅनिक कार्बुरेटर खोलत बसतो.

सेल्फ, दिवे, हॉर्न यांना अर्थने फरक पडत नाही; सेल्फ उलटा फिरत नाही. कायम चुंबकाच्या मोटारी मात्र उलट्या फिरतात. ट्रान्झिस्टर रेडिओ, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि अल्टरनेटर चुकीच्या अर्थवर लगेच जातात. पॉझिटिव्ह अर्थ गाडीच्या सिगारेट लायटरमध्ये मोबाइलचा चार्जर घालू नये. त्याला उलटा पुरवठा मिळतो.

बॅटरी काढताना ‘आधी निगेटिव्ह’ ही हाताची सवय इथे घात करते. आधी अर्थची केबल काढायची, लावताना ती शेवटी. पॉझिटिव्ह अर्थमध्ये ती धन टोकाची असते. उलट केले तर पाना चासीला टेकून शॉर्ट होतो. दुसऱ्या अर्थच्या गाडीवरून बॅटरी घेताना धनला धन, ऋणला ऋण थेट खांबांवर जोडावे आणि दोन्ही गाड्यांच्या बॉडी एकमेकींना कुठेही टेकू देऊ नयेत.

महाबळेश्वर, पाटण, जावळी या पावसाळी पट्ट्यात अर्थचे बोल्ट लवकर गंजतात. इंजिन रबरी माउंटिंगवर बसते, म्हणून इंजिन ते चासी अशी वेगळी पट्टी लागते. ती तुटली की सेल्फचा प्रवाह चोकच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून लाल होते. दर पावसाळ्यानंतर बोल्ट खोलून, पत्रा चकचकीत घासून, आवळून वर ग्रीस लावावे. गाडीत डायनॅमोच ठेवायचा असेल तर मूळ अर्थ बदलू नये. अल्टरनेटर किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचे ठरले तरच बदलावा आणि कोणता अर्थ आहे ते बॅटरीच्या पेटीवर रंगाने ठळक लिहावे.