कालश्रेणींमधील सहसंबंध

एकाच राशीचे ठराविक अंतराने वारंवार मापन केले की कालश्रेणी मिळते. अशा दोन श्रेणी एकमेकींबरोबर कितपत बदलतात, हे पाहण्यासाठी नेहमीचाच सहसंबंध गुणांक (−१ ते +१ यांमधील संख्या) काढतात. अडचण येते ती त्याचा अर्थ लावताना. गुणांक केवळ योगायोगाने आला का, हे ठरवणाऱ्या प्रचलित कसोट्या प्रत्येक निरीक्षण स्वतंत्र मानतात. कालश्रेणीत मात्र आजचे मूल्य कालच्या मूल्याला धरून असते (स्वसहसंबंध). बार्टलेट यांच्या १९३५ च्या सूत्राप्रमाणे, साध्या प्रकारच्या दोन्ही श्रेणींत लगतच्या नोंदींचा स्वसहसंबंध ०.८ असल्यास १०० नोंदींचे मोल जेमतेम २२ स्वतंत्र नोंदींइतके भरते.

या दोषाची जाणीव प्रथम कोणाला झाली, याविषयी एकमत नाही. ‘भासमान सहसंबंध’ ही संज्ञा कार्ल पिअर्सन यांनी १८९७ मध्ये वापरली, पण ती समान छेद असलेल्या गुणोत्तरांपुरती. तिला या विषयाचा उगम मानणे ओढूनताणून वाटते. आर. एच. हूकर यांनी १९०१ मध्ये इंग्लंडमधील विवाहदर व व्यापार यांची तुलना करताना चल सरासरीपासूनची (लगतच्या काही वर्षांच्या सरकत्या सरासरीपासूनची) विचलने घेतली, म्हणजे दीर्घकालीन कल आधी वजा केला. मूल्यांऐवजी लगतच्या मूल्यांतील फरक घेण्याची युक्ती सामान्यतः हूकर यांच्याच १९०५ च्या लेखाला जोडली जाते; तथापि एफ. ई. केव्ह-ब्राउन-केव्ह यांनी १९०४ मध्ये वायुभारमापकाच्या नोंदींवर ती वापरलेली दिसते. दोघांनी ती स्वतंत्रपणे योजली असावी. ‘स्टुडंट’ (गॉसेट) यांनी १९१४ मध्ये तिला व्यापक रूप दिले.

जी. यू. यूल यांच्या १९२६ च्या निबंधाने प्रश्नाचे मूळ उघड केले. १८६६–१९११ या काळातील इंग्लंड-वेल्समधील मृत्युदर आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीने झालेल्या विवाहांचे प्रमाण यांचा सहसंबंध ०.९५ भरतो. दोन्ही आकडे त्या काळात घटत होते, एवढाच त्याचा अर्थ. ‘काळ हा लपलेला तिसरा चल आहे’ हे स्पष्टीकरण यूल यांना पुरेसे वाटले नाही, आणि ते योग्यच. खरा दोष श्रेणींच्या अंतर्गत रचनेत आहे. ग्रेंजर व न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्ये परस्परांशी काहीही संबंध नसलेली यादृच्छिक भ्रमणे (आधीच्या मूल्यात दर वेळी एक यादृच्छिक बदल मिळवून बनणाऱ्या श्रेणी) संगणकावर निर्माण केली, तेव्हा ५० नोंदींच्या जोड्यांत सुमारे तीन-चतुर्थांश वेळा ‘लक्षणीय’ संबंध आढळला. मात्र सरसकट फरक घेतल्याने दीर्घकालीन खरा संबंधही पुसला जातो. त्यावर एंगल व ग्रेंजर यांची सहसमाकलनाची संकल्पना (१९८७) हा उपाय ठरला; भरकटणाऱ्या दोन श्रेणी दीर्घकाळात एकमेकींपासून फार दूर जात नाहीत, तेव्हा त्या सहसमाकलित मानतात.

भारतात हा विषय मॉन्सूनच्या अंदाजातून वाढला. वेधशाळांचे महासंचालक गिल्बर्ट वॉकर (कार्यकाल १९०४–२४) यांनी जगभरच्या वायुभार, पाऊस व तापमान यांच्या श्रेणी मागेपुढे सरकवून शेकडो गुणांक काढले. दक्षिणी आंदोलनाचा (प्रशांत व हिंदी महासागरांवरील वायुभाराच्या उलटसुलट चढउताराचा) शोध त्यातूनच लागला. इतक्या गुणांकांत एखादा केवळ योगायोगानेही मोठा निघेल, हा इशारा त्यांनी स्वतःच १९१४ मध्ये देऊन त्यासाठी निकष सुचवला होता. वॉकर यांचे कार्य सांगताना हे बहुधा वगळले जाते.

पुढचा अनुभव अधिक बोलका आहे. वसंत गोवारीकर व सहकाऱ्यांचे मॉन्सूनच्या अंदाजाचे १६ घटकांचे प्रतिमान (गणिती मॉडेल) १९८८ पासून वापरात आले. २००२ मध्ये दीर्घकालीन सरासरीच्या १०१ टक्के पाऊस अपेक्षित असताना ८१ टक्केच झाला आणि पुढच्या वर्षी प्रतिमान बदलावे लागले. १९९७ मध्ये तीव्र एल निनो (प्रशांत महासागराचे विषुववृत्तीय पाणी तापण्याची घटना) असूनही मॉन्सून सर्वसाधारण राहिला होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील के. कृष्णकुमार व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एल निनो–मॉन्सून संबंध क्षीण होत असल्याचे दाखवले. त्यामुळे संपूर्ण कालखंडाचा एकच गुणांक देण्यापेक्षा सरकत्या खिडकीतून (क्रमाने पुढे सरकणाऱ्या ठराविक वर्षांच्या तुकड्यांतून) काढलेले गुणांक पाहणे अधिक सुरक्षित मानतात.

वैद्यकात श्रेणी आखूड आणि व्यक्ती अनेक असतात. तेथे सर्व नोंदी एकत्र न मिसळता व्यक्तीअंतर्गत व व्यक्तींमधील सहसंबंध वेगळे काढतात (ब्लँड व ऑल्टमन, १९९५); दोहोंची चिन्हे परस्परविरुद्धही असू शकतात.