धनुष्यावरचा कॅमेरा आणि अडीच सुताचा बोल्ट

सोलापुरात हार्डवेअरच्या दुकानात ‘अडीच सुताचा (म्हणजे 5/16 इंचाचा) बोल्ट द्या’ म्हटलं, की दुकानदार सहसा जो काढून देतो त्याला इंचाला 18 आटे असतात. धनुष्याच्या रायझरला, म्हणजे मुठीच्या मधल्या भागाला, स्टॅबिलायझर, म्हणजे धनुष्य स्थिर ठेवणारा दांडा, लावण्यासाठी जे भोक असतं तेही अडीच सुताचंच. पण त्याला इंचाला 24 आटे. दुकानातला बोल्ट त्यात एक-दोन फेरे जातो आणि अडतो. तिथे पान्याने जोर लावला की आटे गेलेच. धनुष्यावर जो कॅमेरा लावायचा, त्याच्या बुडाचा स्क्रू तर तिसराच: दोन सुती, इंचाला 20 आट्यांचा. म्हणून मध्ये अ‍ॅडॉप्टर लागतो, आणि माउंट, म्हणजे कॅमेरा धनुष्याला धरून ठेवणारी पकड, तपासायची सुरुवात इथूनच करावी. बोल्ट पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत जायला हवा.

तो घट्ट बसला म्हणजे काम संपलं असं नाही. 20 ग्रॅमचा बाण सेकंदाला 60 मीटर वेगाने सुटला, तर त्याच्याबरोबर 36 ज्यूल ऊर्जा जाते. पण ओढलेल्या धनुष्यात साठलेली सगळीच ऊर्जा बाणाला मिळत नाही. पाव हिस्सा मागे राहतो असं धरलं, तरी दहा-बारा ज्यूल होतात. पुढे झेपावलेल्या पात्या, म्हणजे धनुष्याचे वरचे-खालचे वाकणारे भाग, दोरी ताणली जाताच गचकन थांबतात आणि ही ऊर्जा थरथर होऊन सगळ्या सांगाड्यात पसरते. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये दाखवून दिलं, की बोल्टला सगळ्यात जास्त सैल करतो तो आडवा हादरा. जोडलेले दोन भाग एकमेकांवर केसभर आडवे सरकले, की आट्यांमधलं घर्षण त्या क्षणापुरतं निकामी होतं आणि बोल्ट आपोआप उलटा फिरू लागतो. यंत्रमागाच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारा जॉबर पाना घेऊन सारखा का फिरत असतो, याचंही कारण बरंचसं हेच.

यावर स्वस्त उपाय म्हणजे नेलपॉलिश. बोल्टच्या डोक्यावरून माउंटवर एक सरळ रेघ ओढायची. काही बाण मारून पाहायचं. रेघ तुटली असेल तर बोल्ट फिरला. निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, लावता येतं, पण फक्त धातूवर. पॉलिकार्बोनेटच्या माउंटला ते लागलं तर प्लॅस्टिकला तडे जाऊ शकतात. दुहेरी चिकटपट्टीचा माउंट मात्र मे महिन्यातल्या सोलापुरात लावूच नये. पारा चाळिशीपार गेला की गोंद मऊ पडतो.

आता व्हिडिओ. चित्र स्थिर दिसलं म्हणून माउंट पक्का आहे असं बहुतेक जण मानतात, आणि फसतात. सेकंदाला 30 चित्रं घेणारा कॅमेरा दर 33 मिलिसेकंदांनी एकदा बघतो. बाण तर साधारण 15 ते 20 मिलिसेकंदांतच दोरी सोडतो. म्हणजे सगळा प्रकार एका चित्राच्या आतच उरकतो. 240 चित्रं घेतली तरी त्या क्षणाला चार-पाच चित्रं मिळतात. त्यात कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे चित्र आपोआप स्थिर करायची सोय, चालू असेल, तर जे हलणं शोधायचं तेच ते पुसून टाकतं. तपासताना ते बंदच ठेवावं.

डोळ्यांपेक्षा इथे कान बरे. त्याच कॅमेऱ्याचा माइक आवाजाचे सेकंदाला बहुधा 48,000 नमुने घेतो. बाण सुटल्यावरचा आवाज इअरफोन लावून ऐका. घट्ट धनुष्याचा एकच ‘ठक्’ येतो आणि विरतो. त्यामागून बारीक किरकिर किंवा खडखड आली, तर काहीतरी ढिलं आहे. मग कॅमेरा काढून, बाजूला ठेवलेल्या फोनवर तोच आवाज टिपायचा. किरकिर गेली तर दोष माउंटचा. तशीच राहिली तर साईट (नेम धरायचं साधन) किंवा स्टॅबिलायझर तपासा.

कॅमेरा बसवायची जागाही महत्त्वाची. माउंटसह 200 ग्रॅमचा कॅमेरा रायझरपासून 10 सेंटिमीटरवर असला तर हाताला फारसा जाणवत नाही. तोच 75 सेंटिमीटर लांब स्टॅबिलायझरच्या टोकाला लावला, तर मनगटावरचा खालचा ओढा साडेसातपट होतो आणि वळवायला होणारा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढून 56 पट. असं धनुष्य डगमगतं कमी, पण हात लवकर दमतो. अदिती स्वामी आणि ओजस देवतळे 2023 मध्ये तिरंदाजीच्या ज्या कंपाउंड (कप्प्यांच्या धनुष्याच्या) प्रकारात जगज्जेते झाले, त्यात 50 मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ 8 सेंटिमीटरचं असतं. मधोमध धरलेला नेम अंशाच्या विसाव्या भागाइतका ढळला तरी बाण त्याबाहेर.

म्हणून शेवटी निशाण्यालाच विचारावं. आधी कॅमेऱ्याशिवाय सहा बाण, मग कॅमेरा लावून सहा, मग पुन्हा काढून सहा. तिसरी फेरी टाळू नका. थकवा आणि वारा यांचा वाटा किती, हे तिच्यातूनच कळतं. कॅमेरा असताना सहाही बाण एकत्रच खाली गेले, तर साईट सरकवून भागेल. ते विखुरले तर माउंटची जागा बदलून पाहावी. या सगळ्यात माउंट, त्याची तार, सुरक्षेची दोरी यांतलं काहीही बाणाच्या, दोरीच्या किंवा पात्यांच्या वाटेत येता कामा नये. आणि बाण न लावता दोरी सोडून ‘हादरा बघणं’ तर नकोच. बाणाकडे जायची ऊर्जाही तेव्हा धनुष्यालाच पचवावी लागते, त्यात पाती फुटू शकते.

स्पर्धेत धनुष्यावर इलेक्ट्रॉनिक उपकरण चालत नाही. त्यामुळे स्पर्धेआधीचा सराव कॅमेरा उतरवून, साईट पुन्हा जुळवूनच करावा.