भातावर फवारणी केव्हा? ‘नुकसानीच्या पातळी’ची पार्श्वभूमी

भाताच्या फवारणीचा सल्ला एकेकाळी फार सोपा होता: कीड असो वा नसो, लावणीनंतर ठरलेल्या दिवशी औषध मारायचे. किती किडीला फवारणी परवडते, हा प्रश्न नेमका मांडला गेला १९५९ साली, आणि तोही भातावर नव्हे. कॅलिफोर्नियात स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन यांनी लसूणघासावरील माव्याच्या अनुभवातून दोन पातळ्या सांगितल्या. जिथून आर्थिक नुकसान सुरू होते ती एक; आणि कीड तिथवर पोचण्याआधीच जिथे फवारणी करायची ती दुसरी, अर्थातच खालची. मराठीत दोन्हींना सर्रास ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ म्हणतात, घोळ तिथूनच सुरू होतो.

हिशेब धान्यातच करून पाहा. एका हेक्टरच्या फवारणीचा खर्च १०० किलो भाताएवढा आणि फवारणीने ८० टक्के नुकसान टळते असे धरले, तर किमान १२५ किलो नुकसान होणार असेल तरच खर्च भरून निघतो. हेक्टरी ४ टन पिकात हे जेमतेम ३ टक्के. भाव पडला की हा आकडा वर सरकतो, औषध स्वस्त झाले की खाली येतो. म्हणून छापील कोष्टकातला आकडा कायमचा नसतो.

भातात खरी अडचण वेगळीच निघाली. दिसणारे नुकसान आणि घटणारे उत्पादन यांचा मेळ बसत नाही. फुटवे येत असताना खोडकिड्याने काही पोंगे मारले (गाभेमर), तर चूड (एका जागी लावलेल्या रोपांचा झुबका) नवे फुटवे काढून बरीच भरपाई करते. पाने गुंडाळणाऱ्या अळीने सुरुवातीला पाने पांढरी केली की शेत भयंकर दिसते, पण उत्पादनाला सहसा धक्का लागत नाही. खोडकिड्यामुळे येणाऱ्या पोचट, पांढऱ्या लोंबीला मात्र भरपाई नाही. आणि ती दिसेपर्यंत अळीने खोडात आपले काम उरकलेले असते, तेव्हा फवारून उपयोग शून्य. तिथे पतंग आणि अंडीपुंज मोजावे लागतात.

भाताचा रस शोषणाऱ्या तपकिरी तुडतुड्याने तर उलटाच धडा दिला. १९७० च्या दशकात फिलिपिन्स, इंडोनेशियात त्याचे उद्रेक झाले ते भरपूर फवारलेल्या शेतांतही. त्याची अंडी पानाच्या आवरणात सुरक्षित राहिली. तुडतुडे खाणारे कोळी आणि त्यांची अंडी खाणारे ढेकूण मात्र मेले. कीटकशास्त्रज्ञ पीटर केनमोर यांच्या फिलिपिन्समधील अभ्यासाने हे स्पष्ट केले. १९८६ साली इंडोनेशियाने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढे कीटकनाशकांवरचे अनुदानही काढून घेतले. १९९० च्या दशकात व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यात ‘पहिले ४० दिवस फवारणी नको’ हा साधा नियम पसरला.

तेव्हापासून तुडतुड्यांसोबत कोळीही मोजायची पद्धत आली. शेतात तिरकस चालत २० चुडी निवडायच्या, चूड वाकवून थोपटायची आणि बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर पाहायचे. वरून पाने न्याहाळणाऱ्याला तुडतुडा सापडतो तो पीक गोलाकार करपल्यावरच.